गार फुगा

"हलकं झालं! अगं बाई, हलकं झालं!"

असं ओरडत खुर्चीतली ती बाई खदाखदा हसायला लागली आणि फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. बाई बँकेत कॅशियर. एरवी नोटा सुट्या करून मागितल्या तरी कपाळाला आठ्या घालणारी. आज हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि खरा चमत्कार तर पुढेच होता. ती "गुरुजी, गुरुजी" म्हणाली, ते चक्क एखाद्या बाप्यासारख्या जाड, खर्जातल्या आवाजात!

"ऐकलंत?" शेजारच्या आजोबांनी मला कोपरानं ढोसलं. "गुरुजी बोलताहेत तिच्या तोंडून!"

"बोलू द्या की," मी म्हणाले. "त्यांचं स्वतःचं तोंड दमलं असेल."

आजोबांनी खुर्ची सरकवून घेतली. मी शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. शाळेत रसायनशास्त्र शिकवते मी, आणि असल्या तमाशांना जायची मला मुळीच हौस नाही. पण ताईनं हट्ट धरला होता, "एकदा येऊन तर बघ." ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. पडदे शिवण्याचं तिचं स्वतःचं दुकान आहे. गेलं वर्षभर तिचं डोकं दाबल्यासारखं व्हायचं. "कुणीतरी घट्ट टोपी घातलीय आणि काढतच नाही," असं ती म्हणायची. डोळे तपासले, डोक्याचा फोटो काढला, रक्त दिलं. सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी तर मान वर न करताच सांगितलं, "टेन्शन आहे. विचार करू नका." विचार न करण्याची गोळी मात्र त्यांच्याकडे नव्हती. मग ताईला हे हलके गुरुजी भेटले.

डोकी हलकी करतात म्हणून हलके गुरुजी. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. ना माळ, ना भस्म. हल्लीचे भोंदू इस्त्री करून येतात.

"डोकं म्हणजे काय?" गुरुजी विचारत होते. "भांडं! विचार म्हणजे काय? वाफ! झाकण घट्ट बसलं की आत दाब वाढणारच. डॉक्टर काय करतात? भांड्याचा फोटो काढतात आणि म्हणतात, भांडं छान आहे!"

लोक हसले. खरं सांगते, हे वाक्य मलाही झोंबलं, कारण ताईच्या बाबतीत अगदी तस्संच झालं होतं. अशी माणसं नेमकी तिथेच बोट ठेवतात.

"मी गोळी देत नाही, सुई टोचत नाही. माझ्याकडे आहे काय? फक्त माझा श्वास. तो मी तुम्हाला देतो."

मग त्यांनी सगळ्यांच्या देखत एक पांढरा फुगा फुगवला. तो छातीशी धरून मागच्या जाड निळ्या पडद्याकडे तोंड केलं आणि आमच्याकडे पाठ करून डोळे मिटून उभे राहिले. याला म्हणे 'श्वासात मौन भरणं' म्हणतात. वळले आणि फुगा पुढच्या माणसाच्या तोंडाला लावला. त्यानं हवा ओढली, सोडली, पुन्हा ओढली. आणि तोही लागला हसायला!

सर्वांत शेवटी गुरुजींनी हात वर करून विचारलं, "कुणाकुणाचा आजार खाली उतरायला लागला? कुणाच्या पायाला मुंग्या येतात?"

सात-आठ हात वर गेले. शाळेत उत्तर येत असलं की मुलं करतात तसे, ताठ! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"डोक्यातून निघालाय, पायापर्यंत पोचलाय," गुरुजी म्हणाले. "आता बोटांतून बाहेर पडेल. या मंडळींनी पुढच्या रविवारच्या कार्यक्रमापर्यंत थांबायचं नाही. रोज सकाळी बैठकीला यायचं."

बाहेर पडताना एका भक्तानं गुरुजींकडचा ताजा फुगा माझ्या हातात ठेवला. "बघा, किती गार! शांत माणसाचा श्वास गारच असतो."

फुगा खरंच गार होता. एसी चालू होता, मी तिकडे लक्ष दिलं नाही.

जिन्यात ताईनं विचारलं, "कसं वाटलं?"

"थुंकी आणि हवा. दुसरं काय?"

"तू ना, कुजकंच बोलणार. मला बरं वाटतं त्याचं काय?"

"बरं वाटत असेल तर जा बाई. हवेनं कुणी मरत नाही."

हे मी बोलले. एक लक्षात ठेवा, ही कथा भोंदूची आहे, पण त्याचा धंदा माझ्यासारख्या शहाण्यांच्या 'जाऊ दे'वर चालतो.

पावसाळा सरला आणि ताईच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मला फोन आला तो आनंदाचा.

"उतरायला लागला गं! दोन्ही पायांची बोटं बधिर आहेत!"

"ताई, बधिर होणं चांगलं असतं का?"

"गुरुजी म्हणाले, प्रगती आहे. रोज सकाळी जातेय आता. चार-पाच फुगे घेते."

मी चिडले, वाद घातला, फोन आपटला. तिनं पुढचे पंधरा दिवस मला फोनच केला नाही. मग एके दिवशी भावोजींचा फोन आला. भावोजी म्हणजे देवमाणूस, आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नाही. त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता.

"दुकानात येऊन जाशील का? तिच्या बोटात सुई गेलीय."

"अहो, शिवणकामात सुई टोचतेच की."

"टोचली नाही. आरपार गेलीय मशीनखाली. तिला कळलंच नाही गं. ती शिवतच होती. पडद्यावर लाल डाग दिसला तेव्हा मी ओरडलो."

मी रिक्षा करून धावले. ताई मशीनसमोर बसली होती, बोटाला चिंधी गुंडाळलेली, आणि चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. दुखत नव्हतं ना! उठायला गेली तर भिंतीला धरून धरून चालायला लागली. "जमीन कापसाची झालीय," म्हणाली. ताई घरातली सर्वांत सरळ चालणारी बाई. पायानं मशीन, हातानं कापड आणि दातांत टाचण्या, असा तिचा दिवस जायचा. हात-पाय गेले तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर ताईचं काय उरलं?

"गुरुजी म्हणतात, शेवटचा टप्पा आहे," ती पुटपुटली.

"खड्ड्यात गेले तुझे गुरुजी! उद्या मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं. गप्प बसायचं आणि यायचं."

मेंदूच्या डॉक्टर पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या बाई होत्या. त्यांनी आधीचे सगळे फोटो बाजूला ठेवले. "हे नंतर. आधी बाईंना बघू दे." एवढ्यावरूनच मला त्या आवडल्या.

त्यांनी नादकाटा वाजवून ताईच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. शाळेत आवाजाच्या धड्याला वापरतो तोच, चिमट्यासारखा.

"काय जाणवतंय?"

"गार लोखंड."

"आणि थरथर?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. नादकाट्याची गुणगुण मला टेबलाच्या पलीकडे ऐकू येत होती. "कसली थरथर?" ताई म्हणाली.

मग डॉक्टरांनी तिला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. ताई कापलेल्या झाडासारखी कलली. भावोजींनी झेप घेऊन धरलं. मान खाली वाकवायला सांगितली तर "पाठीतून करंट गेला" म्हणाली.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"काहीच नाही."

"काढा, चूर्ण, तेल, पुड्या?"

"तोंडात काही घालत नाही हो. शपथ."

ताई खोटं बोलत नव्हती. खाण्यापिण्याचं विचारलं, तिनं खाण्यापिण्याचं सांगितलं. श्वासाचं कोण विचारतो?

"दुसरा कुठला उपचार?"

मी फिस्सकन हसले. "उपचार कसले! एक भोंदू फुग्यात फुंकर मारून देतो. नुसती हवा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हवाच आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे? दुसरं काय असणार?"

"ते मी तुम्हाला विचारतेय." मग त्या ताईकडे वळल्या. "फुगा घेतल्यावर काय होतं?"

"डोकं हलकं होतं. ओठ बधिर होतात. हसूच येतं. आणि आवाज असा जाड होतो, गुरुजींसारखा."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. आणि माझ्या तळहाताला एकदम तो फुगा आठवला. गार. तोंडानं फुगवलेला फुगा कोमट असतो हो! ओलसर असतो! कोंडलेला वायू टाकीतून सुटून पसरतो तेव्हा गार पडतो. दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगते मी हे. जड वायू छातीत गेला की आवाज खाली उतरतो, हेही सांगते. आणि हसवणारा वायू, नायट्रस ऑक्साइड, तो तर पाठ्यपुस्तकात चौकटीत आहे. "नायट्रस ऑक्साइड!" मी ओरडलेच.

"दात काढताना देतात तो," डॉक्टर म्हणाल्या. "डॉक्टरच्या हाताखाली, थोडा वेळ दिला तर काही होत नाही. रोज फुगे भरभरून ओढला तर शरीरातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व निकामी करतो. वायरवर प्लास्टिक असतं ना, तसं नसांवर आवरण असतं. ते टिकवायला बी-ट्वेल्व्ह लागतं. तुमच्या नसा उघड्या पडताहेत. रक्ताचे रिपोर्ट येतीलच, पण इंजेक्शनं आजपासून. आणि तो फुगा बंद, कायमचा."

"म्हणजे आजार खाली उतरत नव्हता?" ताईनं विचारलं.

"नव्हता. हा दुसराच आजार आहे. तो त्यानं दिलाय."

डॉक्टर उठून तिच्या मागे गेल्या आणि तिच्या कानशिलांवर बोटं ठेवली. "दात आवळा बघू."

ताईनं दात आवळले आणि कळवळली. "हीच! हीच टोपी!"

"दिवसभर दातांत काय धरता?"

भावोजी आणि मी एकदमच म्हणालो, "टाचण्या!"

पंचवीस वर्षं ओठांत आणि दातांत टाचण्या धरून ताई पडद्यांना चुण्या घालत होती. टाचणी पडू नये, गिळली जाऊ नये म्हणून जबडा सतत आवळलेला. जबड्याचा स्नायू कानशिलापर्यंत जातो. तो दुखणार नाही तर काय होणार? डोक्याच्या आतला फोटो काढून बाहेरचा स्नायू कसा सापडावा? फुगा घेऊन हसताना तोंड उघडायचं, जबडा सैल पडायचा आणि वायूनं दुखणंच कळायचं नाही. झाला चमत्कार!

परतताना गाडीत ताई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं आता रडेल. ती एकदम म्हणाली, "त्या पडद्याला फट आहे."

"कुठल्या?"

"हॉलमधल्या निळ्या. मीच शिवलाय तो. छातीच्या उंचीवर हात जाईल एवढी फट ठेवायला सांगितली होती त्यांनी. म्हणाले, हवा खेळायला पाहिजे." ती माझ्याकडे वळली. "मी सेवा म्हणून शिवला गं. कडेला दुहेरी पट्टी लावून फट झाकली. दिसू नये म्हणून मीच झाकली!"

रविवारी आम्ही गेलो. पडद्याचं कळवल्यावर डॉक्टरही आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या. ताई भावोजींच्या हाताला धरून जिना चढली तेव्हा लोकांनी तिला वाट करून दिली. "शेवटचा टप्पा!" कुणीतरी कौतुकानं कुजबुजलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गुरुजींचं भांडं आणि झाकण सुरू झालं तशी मी उभी राहिले. "गुरुजी, माझंही डोकं जड झालंय. मला श्वास द्या. पण इथेच, आमच्याकडे तोंड करून. पडद्याकडे न वळता."

"बसा खाली!" चारी बाजूंनी आवाज आले. "गुरुजींची परीक्षा घेतेय!" "शाळेत शिकवते म्हणून काय झालं?"

गुरुजी मधासारखं हसले. "ओरडू नका. या बाईंच्या भांड्यात शंकेची वाफ आहे. शंकेखोराला दिलेला श्वास वाया जातो."

"शंका नको आणि पडदा पाहिजे! श्वास तुमचा आहे की पडद्याचा?"

एक दांडगा भक्त माझ्याकडे निघाला. माझा हात धरून मला बाहेर काढणार, एवढ्यात लोक एकदम गप्प झाले. ताई एकटी मंचावर चढत होती.

"या, या!" गुरुजींनी हात पसरले. "ज्यांचा आजार उतरला त्या स्वतः आल्या बघा."

ताई त्यांना वळसा घालून सरळ पडद्यापाशी गेली. पट्टीखाली हात घालून ती फट चाचपायला लागली. गुरुजींचा चेहरा उतरला. "बाई, पडद्याला हात लावायचा नाही. तिथे मौन आहे!"

"मौन नाही. माझी शिवण आहे."

लांब पडद्यांची जोड ताई साखळी टाक्यानं घालते. धुवायला काढताना दोऱ्याचं एक टोक ओढलं की सगळी शिवण सरसर उसवते. टोक कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बोटांना दोरा लागेना. ती चाचपत होती, चिमटीत पकडत होती, दोरा निसटत होता आणि तिला कळतही नव्हतं की निसटलाय. खालून मला सगळं दिसत होतं. ज्या बोटांनी या बाईनं हजारो मीटर कापड शिवलं, त्यांना स्वतःचा दोरा सापडत नव्हता. गुरुजी तिच्या दंडाला धरायला धावले.

ताईनं कापड तोंडाशी नेलं, दोरा दातांत धरला आणि मान झटकली.

शिवण फटीपासून जमिनीपर्यंत टरटरत उसवली आणि पडद्याचे दोन भाग झाले. आत एक माणूस दोन्ही हातांत दोन पांढरे फुगे घेऊन उभा होता; गुरुजींचा मेव्हणा, हे मागाहून कळलं. त्याच्या पायाशी दोन टाक्या, नळी, आणि नळीच्या तोंडावर बर्फाचा पांढरा थर. पलीकडे कोपऱ्यात गुरुजींनी तोंडानं फुगवलेले फुगे टाकलेले होते, सुकलेले, चपटे. म्हणजे गुरुजींचा पवित्र श्वास कोपऱ्यात आणि टाकीचा माल लोकांच्या छातीत!

"हे... हे फुगे नुसते... आमच्या कार्यक्रमाला..." गुरुजींची ततपप झाली. भांडं, झाकण, वाफ, सगळी पोपटपंची संपली.

डॉक्टर तोवर मंचावर पोचल्या होत्या. त्यांनी टाकीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली, हा वायू काय करतो ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "इथे कुणाकुणाच्या पायाला मुंग्या येतात?"

तोच प्रश्न. त्याच खुर्च्या. पण या वेळी हात ताठ वर गेले नाहीत. कॅशियर बाईंनी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग हळूच हात उचलला. त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांचाही हात वर गेला. मग आणखी, मग आणखी. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

भावोजींनी फोन केला आणि थोड्या वेळात गुरुजी आणि मेव्हणा दोघं पोलिसांच्या गाडीत बसले. गाडीत बसतानाही स्वारी म्हणत होती, "लोकांना हलकं वाटलं की नाही, विचारा!" वाटलं की! म्हणून तर इतक्या जणांच्या नसा जळल्या. बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक कळू नये, यावरच या हरामखोरांचं पोट भरतं.

ताईची इंजेक्शनं चालू आहेत. ती आता भिंत न धरता चालते. डाव्या हाताच्या दोन बोटांना अजून कापूस की रेशीम ते कळत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, कदाचित कळणारही नाही. आजोबांचे पाय तर परत आलेच नाहीत. ज्या वायूमुळे लोकांच्या तोंडून गुरुजी बोलतात म्हणून टाळ्या पिटल्या, त्याच वायूनं त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं.

तेव्हा माझं सांगणं अगदी सरळ आहे. कुणी म्हणालं, मी औषध देत नाही, तर विचारा, मग हे काय आहे? पडदा बाजूला करा म्हणा. जो चिडेल त्याच्याकडून काही घेऊ नका, श्वाससुद्धा. डॉक्टरांना नाकातून, तोंडातून, कातडीतून आत जाणारं सगळं सांगा, लाज वाटली तरी सांगा. आणि डॉक्टरनं मान वर न करता हाकलून दिलं तर बुवाकडे जाऊ नका, दुसऱ्या डॉक्टरकडे जा. माझ्यासारख्या शहाण्यांनाही सांगते, भोंदूच्या हातात काहीच नसेल असं धरून चालू नका. हात लावा. गार लागलं तर का गार आहे ते विचारा.

ताईच्या डोक्यावरची टोपी उतरली, ती मात्र खरोखर उतरली. भावोजींनी जुन्या पडद्याच्या तुकड्यात भुसा भरून मनगटावर बांधायची एक छोटी उशी शिवली. वेडीवाकडी, एका बाजूला फुगलेली. ताई टाचण्या आता तिच्यात खोचते. तोंड मोकळं झाल्यापासून दिवसभर बडबड करते, आणि परवा तर मलाच म्हणाली, "एवढं रसायनशास्त्र शिकलीस, साधा फुगा गार का लागला ते विचारावंसं वाटलं नाही होय गं?"

मी तिच्या उशीत एक टाचणी खोचली.